डॉक्टरांनी हात टेकलेले नाहीत

पत्र :

डॉक्टर, नमस्कार.

ह्यांचं वय ५१. नऊ वर्षांपूर्वी हृदयाचा स्नायू कमजोर झाल्याचं निदान झालं. नसांमध्ये ब्लॉक नव्हते, नेमकं कारण सापडलं नाही. तेव्हा इकोमध्ये पंपिंग ३५ टक्के होतं, आता १८ आहे. छातीत डीफिब्रिलेटर, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले तर झटका देणारं यंत्र, बसवलेलं आहे. गेल्या वर्षभरात अंगात पाणी साठलं म्हणून तीनदा दाखल करावं लागलं. परवा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता ॲडव्हान्स्ड हार्ट फेल्युअर आणि ट्रान्सप्लांट बघणाऱ्या तज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या. चिठ्ठी दिली. ह्यांनी ती घडी करून पाकिटात ठेवली, ती ठेवलीच. म्हणतात, "नऊ वर्षं ज्यांच्याकडे गेलो त्यांनी हात टेकले. आता कोणी नवा येणार आणि काळीज काढून टाकू म्हणणार." शिवाय तब्येत सुधारतेय असं त्यांचं म्हणणं, कारण गेल्या दोन भेटींत गोळ्या कमीच झाल्यात, एक निम्मी केली, एक बंद. घरात हिंडतात-फिरतात, ऑफिसचं काम घरून करतात. रात्री मात्र आरामखुर्चीतच झोपतात, पलंगावर कंटाळा येतो म्हणे. सासऱ्यांचाही असाच हेका असायचा; ते पन्नाशीच्या आतच बसल्या बसल्या गेले.

हे नवे डॉक्टर असं वेगळं काय करतात? ह्यांना न सांगता मी एकटीनेच आधी भेटून येऊ का? आणि मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला किती सांगावं?

उत्तर :

ताई,

सगळ्यात आधी ती चिठ्ठी पाकिटातून बाहेर काढा आणि याच आठवड्यात भेटीची वेळ घ्या. का, ते पुढे सांगतोच. पण इथवर वाचून तुम्ही फोन करायला उठलात तरी माझी तक्रार नाही.

तुमच्या पत्रात मी तीन ठिकाणी अडखळलो, आणि तिन्ही ठिकाणं तुम्ही जाता जाता लिहिलेली आहेत. पंपिंगचे, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं त्याचे, १८ टक्के त्यांत नाहीत. १८ टक्क्यांवर रोज कामाला जाणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ३० टक्क्यांवर अंथरूण धरलेलीही. मी अडखळलो ते गोळ्यांपाशी, खुर्चीपाशी आणि आणखी एका वाक्यापाशी. ते शेवटी घेतो.

आधी गोळ्या. एरवी गोळी कमी झाली की हायसं वाटतं आणि ते बरोबरच असतं. हार्ट फेल्युअरमध्ये हिशेब उलटा आहे. हृदय कमजोर झालं की शरीर घाबरून ॲड्रिनॅलिनसारखी रसायनं सोडत राहतं. दमलेल्या बैलाला पराणी टोचत राहावी तसं. बैल थोडा वेळ पळतो आणि लवकर मरतो. ह्यांच्या बऱ्याचशा गोळ्या ती पराणी काढून घेण्यासाठी आहेत. त्यांनी रक्तदाबही उतरतो, पण तो उतरवायला म्हणून त्या दिलेल्या नाहीत. म्हणून आम्ही त्या सोसतील तितक्या चढवत नेतो आणि शक्यतो कमी करत नाही. कमी करायची पाळी येते ती बहुधा दोन कारणांनी. एकतर वरचा रक्तदाब नव्वदीखाली घसरून चक्कर यायला लागते, नाहीतर मूत्रपिंडं कुरकुरायला लागतात, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम चढतं. थोडक्यात, जे औषध हृदयाला वाचवत होतं तेच आता त्याला पेलवेनासं झालंय. गेल्या दोन भेटींचे कागद काढून बघा. कोपऱ्यात रक्तदाबाचा आकडा लिहिलेला असेल, रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन असेल. मागच्या वर्षीचे तेच दोन आकडे शेजारी ठेवा. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि लगोलग चिठ्ठी दिली, या दोन गोष्टी एकाच विचारातून आलेल्या आहेत. ह्यांनी पहिली आनंदाने ऐकली आणि दुसरीचा राग धरला, इतकंच.

आता खुर्ची. उभं किंवा बसलेलं असताना बरंचसं रक्त पायांत आणि पोटात थांबलेलं असतं. आडवं झालं की ते छातीकडे परततं. निरोगी हृदय ते पुढे ढकलून देतं, कमजोर हृदयाला ते आवरत नाही. फुप्फुसात दाब वाढतो, जीव घुसमटतो, माणूस उठून बसतो. सुरुवातीला एक उशी वाढते, मग दुसरी, मग पलंगच नकोसा होतो. मजा अशी, की पेशंट याला कधीच धाप म्हणत नाही. कंटाळा येतो, गरम होतं, टीव्ही बघता बघता डोळा लागतो, अशी हजार कारणं असतात. एक गृहस्थ माझ्यासमोर बसून सांगत होते, की सगळं झकास आहे, काही त्रास नाही. बायको शेजारी गप्प. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चांगल्या इस्त्रीच्या पँटखाली सपाता. म्हटलं, बूट का नाही घातले? ते म्हणाले, सपाता बऱ्या पडतात. तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या : "चार महिने झाले, नाडी बांधायला वाकले की तोंड काळवंडतं. मोजे मी घालून देते." वाकल्यावर काही सेकंदांत धाप लागणं हे अशा पेशंटमध्ये बहुधा हृदयातला दाब चढल्याचं लक्षण असतं, आणि ते आम्हाला कळलं ते सपातांवरून. ह्यांना बुटाच्या नाड्या बांधायला सांगा आणि घड्याळ बघा.

आता 'हात टेकले' याबद्दल. माझी एक जुनी चूक सांगतो. ॲडव्हान्स्ड हार्ट फेल्युअरच्या या उपशाखेचं शिक्षण घेण्याआधी मी साधा हृदयरोगतज्ज्ञ होतो आणि स्वतःबद्दल बरं मत बाळगून होतो. माझ्याकडे एक पेशंट होता, चाळिशीतला, हसरा. दर महिन्याला यायचा, पाय सुजलेले असायचे, मी लघवीची गोळी वाढवायचो. ४०ची ८० झाली, ८०ची १६०. सूज उतरायची, तो म्हणायचा, "डॉक्टर, तुमच्याकडे आलं की बरं वाटतं." मलाही बरं वाटायचं. आठ महिने असे गेले. शेवटी कावीळ दिसायला लागली तेव्हा मी त्याला मोठ्या केंद्रात पाठवलं. तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी त्याला जवळजवळ पाऊण तास तपासलं, बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "सहा महिन्यांपूर्वी का नाही पाठवलंस?" यकृत आणि मूत्रपिंडं दोन्ही गेली होती. हृदय बदलण्याच्या पलीकडे तो जाऊन बसला होता, आणि तिथवर त्याला माझ्याच चिठ्ठ्यांनी नेलं होतं.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. हात टेकणारा डॉक्टर पेशंटला चिकटून बसतो. वेळेवर पाठवायला धीर लागतो. कोणाला पाठवायचं हे तरुण डॉक्टरांच्या लक्षात राहावं म्हणून आमच्यात 'आय नीड हेल्प' अशी आद्याक्षरांची आठवण आहे. त्यात शिरेतून हृदयाला जोर देणारं औषध लागणं, वर्षात एकापेक्षा जास्त वेळा दाखल होणं, पंपिंग विशीच्या खाली जाणं, मूत्रपिंड-यकृतावर परिणाम, डीफिब्रिलेटरचे झटके, वाढती सूज आणि लघवीच्या गोळीचा वाढता डोस, खालावलेला रक्तदाब आणि गोळ्या न पेलणं हे सगळं येतं. यांतलं एक जरी असलं तरी पाठवा, असा संकेत. तुमच्या पत्रात मला किमान तीन सापडतात.

हे लोक वेगळं काय करतात, हा तुमचा खरा प्रश्न. हृदय तेच, स्टेथोस्कोप तोच. अमेरिकेत या उपशाखेची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली ती २०१० साली, म्हणजे शाखा तशी कालचीच. माझ्या मते आमचं निम्मं काम घड्याळ बघण्याचं आहे. 'अजून लवकर आहे' आणि 'आता उशीर झाला' या दोन वाक्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो आणि तो पेशंटला आतून जाणवत नाही. हा आजार जिन्यासारखा उतरतो. पेशंट दाखल होतो तेव्हा एक पायरी खाली येतो; घरी गेल्यावर त्या पायरीवर काही महिने स्थिर असतो आणि म्हणतो, मी ठीक आहे. आधी कोणत्या मजल्यावर राहत होतो हे तो विसरलेला असतो. मागच्या वर्षी या दिवसांत हे किती चालत होते, हे त्यांना विचारू नका, तुम्हीच आठवा.

पहिल्या भेटीत कोणी ट्रान्सप्लांटचा फॉर्म पुढे सरकवत नाही. आधी बघितलं जातं, की अजून काही सुधारण्याजोगं राहून तर गेलं नाही ना. ठोके सतत अनियमित किंवा जलद असल्यामुळे हृदय थकलंय का, एखादी झडप गळतेय का, थायरॉइड, लोह, दारू, झोपेत श्वास अडकणं, चुकीची वेदनाशामकं, गोळ्यांची जुळणी. कितीतरी वेळा इथेच काहीतरी सापडतं आणि माणूस दोन पायऱ्या वर चढतो. ट्रान्सप्लांटच्या यादीवरून नाव काढून टाकायला सांगताना जो आनंद होतो तो मला शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावरही होत नाही, खरं सांगतो.

मग तपासण्या. तोंडाला मास्क लावून सायकलवर बसवतात आणि दर मिनिटाला वजनाच्या किलोमागे शरीर किती मिलिलीटर प्राणवायू वापरतं ते मोजतात. बीटा ब्लॉकर (ॲड्रिनॅलिनचा जोर अडवणारी गोळी) चालू असताना हा आकडा १२च्या आसपास किंवा खाली आला, की आम्ही गंभीर होतो. ही तपासणी मला फार आवडते, कारण तिच्यापुढे "मी ठीक आहे" चालत नाही.

दुसरी तपासणी हृदयाच्या उजव्या बाजूच्या कॅथेटरची. नाव ऐकून घाबरतात, पण मानेजवळची जागा बधिर करून, माणूस जागा असतानाच शिरेतून एक बारीक नळी आत सोडतात. तिच्या टोकाला चिमुकला फुगा असतो. तो फुगवला की रक्ताचा प्रवाहच नळीला हृदयातून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत वाहून नेतो. ही नळी १९७० साली जेरेमी स्वान आणि विल्यम गँझ यांनी जगापुढे मांडली; स्वानना कल्पना सुचली ती मुलांना घेऊन समुद्रावर गेले असताना, शिडाच्या होड्या वाऱ्याने पुढे सरकताना पाहून. त्या नळीने फुप्फुसातला दाब कळतो आणि ट्रान्सप्लांटच्या बाबतीत सगळं त्या दाबाशी येऊन थांबतं. ह्यांच्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला वाढत्या दाबाची नऊ वर्षांत सवय झालेली असेल. नव्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला ती नसते. दाब फार असेल तर ते पहिल्या काही तासांतच फुगून बसतं. सुरुवातीला हा दाब औषधांनी किंवा हृदयाला लावलेल्या पंपाने (त्याबद्दल पुढे सांगतो) उतरतो. फार वर्षं तसाच राहिला तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होऊन तो कायमचा होतो आणि मग एकट्या हृदयाचं ट्रान्सप्लांट जवळजवळ बाद. "बघू पुढच्या वर्षी" या वाक्याची किंमत ही अशी असते.

याखेरीज दातांपासून लसींपर्यंत सगळं तपासतात. कुठे कर्करोग लपलेला नाही ना, जुना संसर्ग दबा धरून नाही ना, सिगारेट खरंच सुटली का. आणि हो, तपासणी तुमचीही होते. समाजसेविका तुम्हाला बाजूला घेऊन विचारतील, की रात्री-अपरात्री कोण घेऊन येईल, गोळ्यांच्या वेळा कोण सांभाळेल, तुम्ही आजारी पडलात तर काय. राग मानू नका. मिळालेलं हृदय माणसाची काळजी घेणारं कोणी नाही म्हणून वाया गेलं, तर ते दोन माणसांचं नुकसान असतं.

पुढचे रस्ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यासाठी कोणता ते इथे बसून मला सांगता येणार नाही. एक, औषधं नव्याने जुळवून वाट बघणं. दोन, एलव्हॅड नावाचा पंप. हृदयाच्या टोकाला बसवलेलं हे यंत्र रक्त उचलून महाधमनीत टाकतं. त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि बॅटऱ्या खांद्यावरच्या पट्ट्यात वागवाव्या लागतात. अशा माणसाची नाडी बघायला जावं तर बहुधा बोटांना काही लागत नाही आणि छातीला कान लावला तर ठोक्यांऐवजी एकसुरी गुणगुण ऐकू येते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोनदा स्टेथोस्कोप बदलून बघितला होता. २००१ साली छापून आलेल्या एका गाजलेल्या चाचणीत ट्रान्सप्लांट करता न येणारे अगदी अखेरच्या टप्प्यातले पेशंट होते. नुसत्या औषधांवर त्यांतले वर्षाअखेर चारांत एक उरले, त्या काळच्या ओबडधोबड पंपावर निम्मे. आजच्या पंपांवर पाच वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक लोक जिवंत असतात. पण रक्त पातळ करणारी गोळी कायमची, वायरीच्या जागी पू होण्याची भीती, पक्षाघाताची भीती, पोहणं बंद. गोड गोड बोलून हा पंप कोणाच्या गळ्यात मारणाऱ्या डॉक्टरापासून जपा.

तीन, ट्रान्सप्लांट. ३ डिसेंबर १९६७ला केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिल्यांदा माणसाचं हृदय माणसाला बसवलं. लुई वॉशकान्स्की १८ दिवस जगले. जगभर उत्साहाची लाट आली, वर्षभरात शंभरावर शस्त्रक्रिया झाल्या आणि बहुतेक पेशंट काही महिन्यांत गेल्यावर बहुतेकांनी हत्यारं खाली ठेवली. स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे यांच्यासारखे मोजके लोक चिवटपणे टिकून राहिले. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आलं आणि शरीर परकं हृदय नाकारतं ही अडचण आवाक्यात आली. आज ट्रान्सप्लांट झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक दहा वर्षांपलीकडे जगतात. फुकट नाही, पहिल्या वर्षात मानेतून पुन्हा पुन्हा नळी घालून हृदयाचा कण तपासायला काढतात, रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घड्याळाच्या ठोक्याला जन्मभर, त्यांनी मूत्रपिंडांवर ताण, त्वचेच्या कर्करोगाचा धोका, संसर्गाची टांगती तलवार. एक आजार देऊन आपण दुसरा घेतो. दुसरा बरा असतो, म्हणून घेतो.

ह्यांना 'काळीज काढून टाकतील' याची भीती वाटते. काळीज हा आपला शब्दच मोठा लबाड आहे. धैर्य, माया, कणव सगळं आपण त्यात कोंबून ठेवलंय. सर्जन काढतो तो मुठीएवढा, ताणून पातळ झालेला स्नायू. माणूस तोच राहतो, त्याचे हेकेही तेच राहतात, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. एक गंमत मात्र खरी आहे. काढताना हृदयाचे मज्जातंतू तुटतात, त्यामुळे नवं हृदय स्वस्थ बसल्यावरही मिनिटाला ९०-१०० पडतं आणि मेंदूचा निरोप त्याला थेट पोचत नाही. दचकल्यावर काळजात लगेच धस्स होत नाही. ॲड्रिनॅलिन रक्तातून तिथवर पोचल्यावर, घटना होऊन गेल्यावर मागाहून धडधडायला लागतं. पेशंट हसत सांगतात, "मी घाबरून झालो डॉक्टर, आता हे घाबरतंय."

चौथा रस्ता यांपैकी काहीच न करण्याचा आहे आणि तोही रस्ताच आहे. सगळं समजून घेऊन "मला नको" म्हणणाऱ्या माणसापुढे मी वाद घालत नाही. न समजता म्हणणाऱ्यापुढे घालतो. यांतलं काहीही ठरलं तरी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास हलका करणारी, टीम भेटेल. ते नाव ऐकून उठून जाऊ नका. धाप, झोप, भीती, घरातल्यांची दमछाक यांवर त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही आणि ते बाकीच्या उपचारांच्या जोडीनेच काम करतात.

एकटीने भेटून येऊ का? नको. एकतर पेशंटच्या संमतीशिवाय डॉक्टर त्याच्याबद्दल तुमच्याशी फार बोलणार नाहीत आणि बोलू नयेच. दुसरं म्हणजे, ह्यांना नंतर कळलं की जी काही शंका आहे ती पक्की होईल : सगळे मिळून माझ्या पाठीमागे ठरवताहेत. त्यापेक्षा नेहमीच्या डॉक्टरांनाच ह्यांना फोन करायला सांगा. "मी तुला सोडत नाही, दोघं मिळून बघू" हे एक वाक्य त्यांच्या तोंडून यायला हवं. नऊ वर्षांच्या ओळखीत ते बोलायचं राहून गेलं असेल. आणि ह्यांना म्हणा, निर्णय सांगायला जायचं नाहीये, एक प्रश्न विचारायला जायचंय, आणि तो प्रश्न तुमचाच असू दे. बायकोने लिहून दिलेले प्रश्न घेऊन येणारे नवरे मला ओळखू येतात. उत्तर देताना ते भिंतीवरच्या चित्राकडे बघत असतात.

भेटीला जाताना जुने इको, दाखल झाल्याचे कागद आणि गोळ्या न्यालच. त्याबरोबर बंद झालेल्या आणि कमी केलेल्या गोळ्यांची यादी न्या, कोणती, कधी, का. ही यादी कोणी आणत नाही, आणि तुमच्या बाबतीत तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

तोवर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. गुडघे-पाठ दुखली म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या परस्पर देऊ नका. मूत्रपिंडं बंद पडायला कधी कधी त्या दोन दिवसांत पुरतात. कुठेही रक्त चढवायची वेळ आली तर आधी विचारा, की टाळता येण्यासारखं आहे का. परक्या रक्ताने शरीरात प्रतिद्रव्यं तयार होतात आणि पुढे जुळणारं हृदय मिळणं अवघड होतं. डीफिब्रिलेटरचा झटका बसला, शुद्ध हरपली किंवा बसल्या जागी धाप लागली तर भेटीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

आता ते तिसरं वाक्य. सासरे पन्नाशीच्या आत बसल्या बसल्या गेले, असं तुम्ही त्यांचा हेका सांगता सांगता लिहून गेलात. ह्यांना बेचाळिसाव्या वर्षी आजार झाला, नसा स्वच्छ होत्या, कारण सापडलं नाही. हृदयाचा स्नायू असा ताणला जाण्याचे बरेच प्रकार घराण्यातून चालत येतात. टायटिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष त्यांत सगळ्यात जास्त सापडतो. काही दुसऱ्या दोषांत पंपिंग फारसं बिघडायच्या आधीच ठोके जीवघेणे बिघडतात. असा दोष बहुतेक वेळा अपत्यांकडे निम्म्या शक्यतेने जातो. तुमच्या डॉक्टरांनी नऊ वर्षांपूर्वी हे विचारलं नसेल, कारण तेव्हा जनुकतपासणी आजच्याइतकी सहज होत नव्हती. आता होते, आणि ती आधी ह्यांची करायची असते.

त्यामुळे मुलीला किती सांगावं, हा प्रश्न मी थोडा बदलतो. वडील खुर्चीत झोपतात हे ती रोज पाहते, तिला तुम्ही समजता त्याहून जास्त कळलेलं आहे. तिला सगळं सांगा, आणि तिचा एक ईसीजी आणि एक इको करून घ्या. ह्यांना सख्खी भावंडं असतील तर त्यांचाही. बहुधा नीट निघेल, पण मग दर काही वर्षांनी पुन्हा करत राहायचा. आणि ह्यांना पाकिटातून चिठ्ठी काढायला कशाने लावावं हे तुम्हाला सुचत नसेल, तर त्या भेटीत मुलीच्या तपासणीबद्दलही विचारायचंय, एवढं सांगून बघा.